पुठ्ठ्याची खुर्ची, धुळे ते जळगाव

आमच्या घरात खुर्ची मोडणं म्हणजे पाप होतं, आणि त्या वर्षी मी एकापाठोपाठ तीन मोडल्या. धुळ्याच्या चौथ्या गल्लीत आमचं घर. पुढच्या खोलीत नानांचं सुतारकामाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि मध्ये दार नाही, नुसता गोणपाटाचा पडदा. नाना म्हणजे माझे वडील. आईसकट सगळेच त्यांना नाना म्हणायचे. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात रंध्याचा आवाज यायचा. सागावर रंधा चालत असला तर तो लांब आणि मऊ लागायचा, बाभळीवर असला तर कुणीतरी घसा खरवडल्यासारखा. आई चुलीपुढे बसून नुसत्या आवाजावरून सांगायची की आज कुणाच्या कामाला हात घातलाय. भुसा तर घरात सगळीकडे होता. पांघरुणात, वह्यांत, माझ्या वेणीत. वरणाच्या वाटीत बारीक भुसा तरंगताना दिसला आणि कुणी तोंड वाकडं केलं, की आई म्हणायची, तूप समज आणि कालव.

बारावीनंतर मी धुळ्यातल्याच एका कॉलेजात डिप्लोमाला नाव घातलं. घरांच्या आतली रचना, फर्निचर, रंगसंगती असं काहीबाही तिथे शिकवत. नानांनी हो म्हटलं त्यामागे एक गैरसमज होता, आणि तो मी मुद्दाम दूर केला नव्हता. ते त्याला सुतारकीचं कॉलेज समजत होते. पोरगी शिकून येईल, दुकानात चार नवीन नमुने काढेल, असा त्यांचा साधा हिशेब. पहिले काही महिने मी घरी येऊन कागदावर रेघा मारत बसायचे, तेव्हा ते पडद्याआडून डोकावून बघायचे आणि आईला विचारायचे, हिच्या हातात करवत कधी देणार आहेत? मग एके दिवशी मी घरी येऊन सांगितलं की आम्हाला खुर्ची करायची आहे. नानांचा चेहरा उजळला. त्यांनी लगेच कोपऱ्यात ठेवलेल्या सागाच्या दोन फळ्यांकडे बघितलं. मी म्हटलं, नाना, लाकडाची नाही. पुठ्ठ्याची.

त्यांच्या हातात किकरं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, हे मला आजही दिसतं, कारण काम चालू असताना ते हत्यार सहसा खाली ठेवत नसत. "तुमना कॉलेजमा लाकूड सरी गयं का?" त्यांनी विचारलं. मी नियम समजावून सांगितले. पुठ्ठ्याचा एकच सलग ताव घ्यायचा. डिंक नाही, खिळा नाही, दोरी नाही. नुसत्या घड्या आणि खाचा. खुर्ची उघडली की मोठ्या माणसाचं वजन तिनं पेललं पाहिजे, आणि मिटली की वर्तमानपत्रासारखी सपाट झाली पाहिजे. सगळ्यांत चांगल्या खुर्च्या जळगावला एका कॉलेजात प्रदर्शनाला जाणार होत्या, तिथे बाहेरचे परीक्षक येणार होते. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवताना निकाल दिला. ते स्वतः माझ्याबरोबर जळगावला येतील, तिथे काय चालतं ते डोळ्यांनी बघतील, आणि पोरीला दुसऱ्या वर्षाला पाठवायचं की नाही ते त्यानंतर ठरवतील. माझी खुर्ची जळगावला जाण्याइतकी चांगली होईल, हे त्यांनी न विचारताच गृहीत धरलं होतं. तेव्हा माझ्या ते लक्षात आलं नाही. मी फक्त दुसऱ्या वर्षाचं ऐकलं, आणि ताटातली कळण्याची भाकरी तशीच राहिली.

मोठा सलग पुठ्ठा मिळायचा एकच मार्ग होता, फ्रिजचं खोकं. आग्रा रोडवरच्या एका दुकानदाराला मी आठवडाभर गाठत राहिले, तेव्हा त्यानं एक दिलं. ते उघडून सपाट केलं असतं तर निम्मा त्रास वाचला असता, पण घडी पडेल म्हणून मी ते तसंच उभं डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी आले. चौथ्या गल्लीत त्या काळी फ्रिज कुणाकडेच नव्हता. संध्याकाळपर्यंत तीन बायका बर्फ मागायला आल्या. आईनं पहिल्या दोघींना खरं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही, म्हणून तिसरीला नुसतं सांगितलं की अजून जमला नाही, उद्या या.

फ्रिजचं खोकं मी शेवटच्या खुर्चीसाठी राखून ठेवलं आणि सराव दुसऱ्या खोक्यांवर केला. पहिली खुर्ची झाली त्या दुपारी आई सुपात तूर घेऊन निवडायला तिच्यावर बसली. मी सांगितलंही होतं, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नकोस. अकराव्या मिनिटाला खुर्चीनं एक बारीक सुस्कारा सोडला आणि आई सुपासकट खाली गेली. तुरीचे दाणे दुकानापर्यंत पोहोचले. नाना पडदा बाजूला सारून आले, त्यांनी सगळं बघितलं आणि परत गेले. आई मात्र उठताना म्हणाली की खुर्ची चांगली आहे, पडले तरी लागलं नाही, लाकडाची असती तर कंबर गेली असती. ही तिनं केलेली स्तुती होती, आणि त्या सगळ्या काळात घरात झालेली तेवढी एकच. दुसरी खुर्ची माझ्याच खाली मोडली, अगदी सावकाश, उंट खाली बसतो तशी, आधी पुढून आणि मग मागून. दोन्ही खुर्च्या आईनं फाडून बंबात घातल्या. आमच्याकडे रोज अंघोळीचं पाणी दुकानातल्या ढलप्यांवर तापायचं. त्या आठवड्यात मी माझ्या दोन खुर्च्यांचं ऊन पाणी अंगावर घेतलं.

तिसरीचं प्रकरण मात्र वाईट झालं. ती मी वाळत घातल्यासारखी दुकानाच्या दाराशी ठेवली होती, कारण घरात जागा नव्हती. नानांचं एक जुनं गिऱ्हाईक, साक्री रोडला राहणारे एक धिप्पाड गृहस्थ, मुलीच्या लग्नाच्या पलंगाचं विचारायला आले. दुकानात आल्याबरोबर खुर्ची ओढून बसायची त्यांची सवय. नाना "अहो" म्हणेपर्यंत ते बसले होते आणि मी धावत येईपर्यंत जमिनीवर होते. पाय वर, टोपी रंध्याच्या ढलप्यांत. नानांनी त्यांना हात धरून उठवलं, धोतरावरचा भुसा झटकला. ते गृहस्थ मोठ्या मनाचे. हसत हसत म्हणाले, "नाना, आता पुठ्ठ्यात उतरले का?" वाक्य तेवढंच होतं, पण ते पाचव्या गल्लीपर्यंत गेलं. त्यानंतर दोन दिवस दुकानात जो येई तो बसायच्या आधी स्टूल हातानं दाबून बघे आणि मग नानांकडे बघे.  जेवताना नानांना मीठ हवं असलं तर ते आईकडे मागायचे, मीठ माझ्यासमोर असलं तरी.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मोडलेल्या खुर्चीचे तुकडे मांडून बसले होते. नाना पाणी प्यायला आत आले. तांब्या हातात तसाच धरून ते थोडा वेळ उभे राहिले, मग खाली बसले आणि एका तुकड्याची कड नखानं सोलली. आत नालीदार कागद असतो ना, पन्हळी पत्र्यासारखा, तो उघडा पडला. त्यांनी त्या नाल्यांवरून अंगठा फिरवला. "हाई बी लाकूडच शे," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "रेषा शेत. तू रेषा आडव्या लावेल शेत, मोडीच ना." एवढं बोलून पाणी न पिताच उठले. मी तुकडे उलटसुलट करून बघितले. तिन्ही खुर्च्यांचे पाय मी जसे कागदावर नीट बसतील तसे कापले होते, नाल्या कुठे चालल्यात याचा विचारच केला नव्हता. कॉलेजात आमच्या सरांनी हे फळ्यावर शिकवलं होतं, माझ्या वहीत आकृतीसकट लिहिलेलं होतं. आज इतक्या वर्षांनी माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुली मशीनवर झरझर आकृत्या काढतात, त्यांना मी आधी पुठ्ठ्याचा तुकडा सोलायला लावते. त्यांना वाटतं बाईंचं वय झालं.

फ्रिजच्या खोक्याची खुर्ची मी चार दिवसांत केली. दोन्ही बाजूंच्या भिंती, मधोमध एक आधाराची भिंत, तिघींच्या नाल्या उभ्या. वर बैठक, तिला पुढे दोन जिभा, त्या खाचांत अडकायच्या. पाठ मागे थोडी कलती. आई तिच्यावर बसून पूर्ण शेर तूर निवडून उठली आणि वर लसूणही सोलला. नाना खुर्चीभोवती दोनदा फिरले, चारी कोपरे अंगठ्यानं दाबले आणि विचारलं, हिला रंधा मारता येतो का? नाही म्हटलं. पॉलिश? तेही नाही. मग हिचं करायचं तरी काय, असं म्हणून दुकानात गेले. बसले नाहीत. आमच्या वर्गातून तीन खुर्च्या जळगावला निवडल्या गेल्या, त्यांत माझी होती.

जायच्या दिवशी आईनं पहाटे उठून पुऱ्या आणि वांग्याचं कोरडं भरीत बांधून दिलं. नानांनी लग्नाला जायची स्वच्छ टोपी घातली, पण पेन्सिल कानावर राहिलीच, ती त्यांना स्वतःला कधी दिसायचीच नाही. वर्गातल्या बाकीच्या दोन खुर्च्या सरांबरोबर आदल्या दिवशीच गेल्या होत्या. माझी मी हातची सोडायला तयार नव्हते, म्हणून आम्ही एसटीनं निघालो. लगीनसराई होती. धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागली तीच भरलेली लागली. आम्हाला बसायला जागा मिळाली नाही. दोन बाकांच्या मधल्या वाटेत मी आणि नाना समोरासमोर उभे राहिलो आणि आमच्या मध्ये मिटलेली खुर्ची, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. फागणे गेलं, मुकटी गेलं. प्रत्येक थांब्यावर दोन उतरत आणि सहा चढत. नानांनी दोन्ही हातांनी वरची दांडी धरून आपली पाठ मागच्या गर्दीला लावली होती, खुर्चीला धक्का लागू नये म्हणून. मी ते बघत होते, पण गर्दीत माणूस कसाही उभा राहतो, म्हणून फार मनावर घेतलं नाही.

पारोळ्याला एक अक्का चढल्या. साठीच्या असाव्यात, अंगानं चांगल्या भरलेल्या, नऊवारी लुगडं, एका हातात पितळी डबा आणि दुसऱ्या हातात बोचकं. जळगावला लेक बाळंत झाली होती, तिच्यासाठी डिंकाचे लाडू घेऊन निघाल्या होत्या. हे त्यांनी चढता चढता सगळ्या गाडीला सांगितलं. कुणीतरी उठेल म्हणून त्यांनी एकेका बाकाकडे बघितलं, तसतशी एकेक मान खिडकीकडे वळली. त्यांचे पाय सुजलेले होते. दांडीपर्यंत हात पोहोचत नव्हता. मग त्यांची नजर आमच्या लुगड्यातल्या गुंडाळीवर गेली.

"हाई काय शे, भाऊ?" त्यांनी नानांना विचारलं.

नाना सवयीनं म्हणाले, खुर्ची शे. बोलल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. अक्कांनी लुगड्याचा कोपरा वर करून बघितलं, पुठ्ठा दिसल्यावर हातानं चाचपलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"हाई बठानी शे का देखानी?"

बसायची की नुसती बघायची? मी नानांकडे बघितलं. मला खात्री होती की ते मला वाचवतील. प्रदर्शन दुपारी होतं, जळगाव अजून दीड तास लांब होतं, खुर्चीवर पाच मिनिटं माणूस बसवायचा नियम होता आणि तो माणूस मी इथे एसटीत बसवणार नव्हते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की अक्का, ही शाळेची वस्तू आहे, नुसती दाखवायची आहे. घरी इतके दिवस ते हेच तर म्हणत होते. नानांनी दांडीवरचा एक हात काढला आणि टोपी सरळ केली. आसपासचे पाचसात जण उत्तराची वाट बघत होते. माझ्या आता लक्षात येतं की सुताराला त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर देता येणंच शक्य नव्हतं. तेव्हा मात्र मला वाटलं, माझ्या वडिलांनी माझा घात केला.

"बठानी शे," नाना म्हणाले. "सुमन, उघड ती."

मी उघडली. एक जीभ खाचेत जाईना. नानांनी वाकून पाहिलं पण हात लावला नाही. जागा करायला लोक इतके मागे सरकले की आतापर्यंत जागा नव्हती हेच खोटं वाटावं. अक्का बसल्या. पुठ्ठा करकरला आणि गप्प झाला. पहिल्या खड्ड्याला मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तेव्हा नाना वाकून अक्कांना सांगत होते की मधोमध बसा, पुढच्या कडेवर येऊ नका, पाठ टेकवा, पाठ टेकण्यासाठीच आहे. असं ते गिऱ्हाइकाला नवा पलंग देताना सांगत, अगदी त्याच आवाजात. मागून एकानं विचारलं, कशाची आहे हो, तर नानांनी त्याला ताव, घड्या, खाचा, सगळं समजावून दिलं. डिंक नाही, खिळा नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. नाल्यांचं सांगताना तर त्यांनी हवेत बोटानं उभ्या रेषा काढल्या. मला वाटत होतं मी रात्रंदिवस घोकलेले नियम कुणी ऐकलेच नाहीत, आणि इथे ते मला न चुकता ऐकू येत होते.

कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि अक्कांना बघून थबकला. वाटेत खुर्ची टाकायला परवानगी नाही, असं तो म्हणाला. अक्कांनी डब्यातून एक लाडू काढून आधी मला दिला, मग त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुना सीटवर मी बठेल नही, बाबा. मी खुर्चीवर बठेल शे."  कंडक्टरनं खुर्चीला वळसा घातला, आणि पुढे दर फेरीला तो तसाच वळसा घालत राहिला. एरंडोलच्या पुढे अक्कांना डुलकी लागली. मान मागे टेकून त्या चक्क घोरायला लागल्या. त्या डाव्या बाजूला कलल्या की मी डाव्या बाजूला कलायचे, उजवीकडे गेल्या की नाना. असे आम्ही दोघं बापलेक त्या झोपलेल्या बाईच्या दोन बाजूंना दहाबारा मैल डुलत होतो, आणि त्या सगळ्या वेळात खुर्चीतून एकही आवाज आला नाही.

पाळधी गेल्यावर गिरणेच्या पुलाच्या अलीकडे बकऱ्यांचा कळप रस्त्यावर आला आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. उभी असलेली सगळी माणसं पुढे कोसळली. माझ्या अंगावर तीन बायका आणि एक ट्रंक आली. अक्का खुर्चीवरच राहिल्या, पण त्यांच्या खालून एक कोरडा आवाज आला, वाळकी शेंग फुटल्यासारखा. मधली भिंत गेली होती. बैठक डाव्या अंगाला जराशी बसली. अक्कांनी डोळे उघडून विचारलं, काय झालं? मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, काही नाही, बकऱ्या आहेत, तुम्ही बसा. आणि जळगाव येईपर्यंत अक्का तशाच तिरप्या बसून राहिल्या. स्टँडवर उतरताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "खुर्ची चांगली शे, माय," त्या म्हणाल्या. "पन जराशी डावीकडे जास." डबा आणि बोचकं सावरत त्या रिक्षांच्या गर्दीत गेल्या, आणि मी स्टँडच्या ओट्यावर बसून रडायला लागले.

नाना माझ्याशेजारी बसले. त्यांना रडणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते कधीच कळलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी पुऱ्या काढल्या. मी नको म्हटलं तर स्वतः एक खाल्ली, मग उठून कुठेतरी गेले आणि सफरचंदाचं एक रिकामं खोकं घेऊन आले. स्टँडबाहेरच्या फळवाल्याकडून मागून आणलं होतं. ते माझ्यापुढे ठेवून ते दोन पावलं मागे उभे राहिले. मी म्हटलं, नाना, एकच ताव घ्यायचा असा नियम आहे. ते म्हणाले की मोडलेली खुर्ची घेऊन जाण्याचाही नियम नसेल.

मग मी नाक पुसलं आणि पिशवीतून पट्टी आणि पाती काढली. मोडलेल्या भिंतीला खोक्याच्या पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी जोडायची, तिला वरखाली खाचा घ्यायच्या, नाल्या उभ्या. अर्धा तास लागला असेल. त्या अर्ध्या तासात नानांची जी अवस्था झाली ती मी नंतर कधीच कुणाची पाहिली नाही. हे काम पोरीनंच करायचं आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून धरले होते. मी पट्टी जराशी तिरकी धरली की त्यांच्या खांद्यापासून एक कळ निघायची आणि कोपरापर्यंत येऊन थांबायची. एकदा त्यांनी चक्क पाठ फिरवली आणि सुरतेच्या गाड्यांची पाटी मोठ्यानं वाचायला लागले. पट्टी बसली. मी खुर्ची उघडून बसून पाहिली. धरली तिनं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये वीसेक खुर्च्या रांगेत होत्या. काही माझ्या खुर्चीपेक्षा कितीतरी देखण्या, रंग दिलेल्या, एक तर मोराच्या आकाराची. परीक्षक नाशिकहून आलेले एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. तपासायची पद्धत सोपी होती. त्या कॉलेजचा वॉचमन, गडी तगडा, एकेका खुर्चीवर पाच मिनिटं बसणार. त्या बिचाऱ्याला तयार आहेस का असं कुणी विचारलंही नसावं. मोर दोन मिनिटांत गेला. पाचव्या खुर्चीनंतर वॉचमन बसायच्या आधी खालच्या फरशीकडे बघायला लागला. सातवीनंतर त्यानं डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. माझ्या खुर्चीवर तो अंग चोरून बसला, मग हळूहळू सैल झाला, मग पाठ टेकली, आणि पाच मिनिटं संपल्याचं सांगितलं तरी उठेना.

परीक्षकांनी वाकून खालून पाहिलं. मधल्या भिंतीवर सफरचंदाचं लालभडक चित्र होतं, देठासकट. हे काय, त्यांनी विचारलं. मी जे घडलं ते सांगितलं, पारोळ्यापासून. हॉलमधली मुलं हसत होती. परीक्षक हसले नाहीत, त्यांनी नीट ऐकलं. मग ते म्हणाले की मला वाईट वाटतं, पण एकच ताव ही अट आहे, दुसरा तुकडा लावला म्हणजे खुर्ची स्पर्धेतून बाद. मी मान हलवली. हे मला स्टँडवरच माहीत होतं. नाना मात्र पुढे आले. टोपी हातात घेतली, आणि ठेवणीतलं मराठी काढलं.

"साहेब, नियम बरोबर आहे. पण बसणाऱ्या बाईला तो माहीत नव्हता."

परीक्षक त्यांच्याकडे बघत राहिले. कानावरची पेन्सिल त्यांना दिसली असावी. तुम्ही सुतार का, त्यांनी विचारलं. नाना हो म्हणाले, आणि आपण पुठ्ठ्याला हात लावलेला नाही, सगळं पोरीनं केलं आहे, हेही न विचारता सांगून टाकलं. परीक्षकांनी वहीत माझ्या नावापुढे काट मारली. मग वॉचमनला उठवलं, माझी खुर्ची रांगेतून बाहेर ओढून घेतली आणि तिच्यावर बसले. पुढची खुर्ची आणायला सांगितलं. उरलेल्या दहाबारा खुर्च्या त्यांनी माझ्या खुर्चीवर बसूनच तपासल्या, वही मांडीवर ठेवून, पाय पसरून. बक्षिसंही तिथूनच जाहीर केली. मला काही मिळालं नाही. सगळं झाल्यावर वॉचमननं नानांना बाजूला घेऊन विचारलं की फाटकाच्या खोलीत बसायला काही नाही, ही परत न्यायची आहे का? नानांनी माझ्याकडे बोट केलं, खुर्ची तिची आहे, तिला विचारा. मी देऊन टाकली.

परतीच्या गाडीत आम्हाला बाक मिळाला. नाना खिडकीशी बसले. दुसऱ्या वर्षाचं विचारायचा मला धीर होत नव्हता. पारोळा मागे पडेपर्यंत ते बाहेर बघत होते. मग तसंच बाहेर बघत त्यांनी विचारलं, पाठीला कल किती ठेवला होता? मी सांगितलं, दीड फुटाला साडेतीन इंच. इतका? हो. मी म्हटलं, आमच्या पुस्तकात तेवढाच सांगितलाय. "ती बाई झोपी गयी," ते म्हणाले. "मनी खुर्चीवर कोनी झोपेल नही." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी तिकिटाच्या मागे आकडा लिहिला, दोनदा वाचला आणि तिकीट टोपीच्या घडीत ठेवलं. थोड्या वेळानं म्हणाले, दुसऱ्या वर्षाची पुस्तकं लवकर मिळत असतील तर आधीच आणून ठेव, मलाही बघायची आहेत.

त्या लगीनसराईत आमच्या दुकानातून ज्या खुर्च्या गेल्या, त्या सगळ्यांच्या पाठी जराशा जास्त मागे कललेल्या होत्या. साक्री रोडच्या त्या धिप्पाड गृहस्थांनी पलंगाबरोबर दोन खुर्च्याही नेल्या. बसून बघितल्यावर त्यांनी विचारलं की नाना, हे माप कुठून आणलं? मी पडद्याआड जेवत होते. नाना रंधा मारता मारता म्हणाले, "आमनी इंजिनेर पोरनं शे." मी इंजिनियर नव्हते, पुढेही कधी झाले नाही. आई माझ्याकडे बघून उठायची खूण करत होती, जा, सांग त्यांना. मी आणखी एक भाकरी घेतली.